बिननवऱ्याचं झाड

बेगड कापणाऱ्याच्या घरात कितीही केर काढा, संध्याकाळी जमीन पुन्हा चकचकतेच. तो चकाकता वर्ख शेंडीत निघतो, आमटीत निघतो, झोपलेल्या माणसाच्या कानात निघतो. किश्शांचंही तसंच असतं. आमचं गिरगावात बाशिंगं आणि मुंडावळ्या करायचं दुकान होतं. दुकानात यायची ती लग्न ठरलेली माणसं, आणि लग्न ठरलेला माणूस जे बोलतो त्यातलं निम्मं तरी लक्षात ठेवण्यासारखं असतं. मी काही जमवायला गेलो नाही. आपोआप साचत गेले.

आज मात्र लग्नांचे सांगत नाही. प्लेग यायच्या आधीचा एक हिवाळा होता, त्या हिवाळ्याचे सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या नवरदेवाच्या कपाळाची सोय करणारे आम्ही लोक, त्या वर्षी चक्क साहेबाच्या नाताळच्या झाडाचे दागिने करत बसलो होतो! त्यापायी आमच्या गोविंदभटजींना धर्मशास्त्र किती वेळा उलटंपालटं करावं लागलं, ते ऐका.

दुकान बापूकाकांचं. काका म्हणजे माझे सख्खे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला कामाला लावलं. माझ्या इंग्रजी तीन इयत्ता झाल्या होत्या, त्यामुळे मी स्वतःला दुकानाचा सेक्रेटरी समजायचो. दुकानातले बाकीचे लोक मला दत्तू समजायचे.

*

फोर्टात सोराबशेट नावाच्या पारशाचं विलायती मालाचं दुकान होतं. आम्ही रंगीत बेगड त्यांच्याकडून आणायचो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी गेलो, तर शेट एका लाकडी पेटीसमोर डोकं धरून बसलेले.

नाताळात साहेबलोक घरात एक झाड उभं करतात आणि त्याला दागिने टांगतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते दागिने, म्हणजे काचेचे रंगीत गोळे, शेटनी थेट जर्मनीहून मागवले होते. बोटीनं पेटी अशी काही घुसळली होती की आत आता नुसता रंगीत चुरा होता.

"समदा फुटून गेला, दत्तू!" शेट म्हणाले. "परळची मेमसाहेब मला जिता खाते आता!" मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुमी लोक लगनचा मुगट करते ना? मग हे पण कर!"

चुऱ्यात एकच गोळा शाबूत सापडला. सॅम्पल म्हणून शेटनी तो माझ्या हवाली केला. मी तो उपरण्यात गुंडाळला आणि घोड्याच्या ट्राममध्ये मांडीवर घेऊन बसलो. घोडा जरा उधळला की माझाच जीव खालीवर. गिरगाव येईपर्यंत मी धड श्वास घेतला नाही.

घरी येऊन गोळा काकांच्या हातात ठेवला. काकांनी तो उजेडात धरला, कानाशी नेला आणि नारळ घेताना वाजवून बघतो तसा बोटाच्या पेरानं ठोकला.

टक्‌!

काकांनी हातातले तुकडे उलटसुलट करून बघितले. मग माझ्यावरच उखडले, "पोकळ निघाला! आणि हा शेट याला माल म्हणतो?"

*

सॅम्पल तर गेलं. आता मी शेटकडून जे ऐकलं होतं त्यावरच सगळी भिस्त. मी सांगितलं, की साहेबलोक एक झाड कुंडीत लावून दिवाणखान्यात ठेवतात. त्याला नटवतात. भोवती दिवे लावतात. घरची पोरंबाळं जमतात, गाणी होतात, गोडधोड वाटतात.

काका हसले. "मग एवढं लांबण कशाला लावलंस? तुळशीचं लग्न म्हण की!"

आता यात काकांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुळशीची लग्नं होऊन महिनाही झाला नव्हता. तुळशीसाठी आणि बाळकृष्णासाठी आम्ही बोटभर मुंडावळ्या, टिचभर बाशिंगं शेकड्यानं विकली होती. साहेबाच्या देशातून बातमी उशिरा पोचली असेल, म्हणून तो महिनाभर मागे, एवढाच काय तो फरक.

सगळे कामाला बसले. इतक्यात आक्कानं पुढे होऊन बेगडीचा ताव उचलला. काकू आतून ओरडली, "अगो, ठेव तो! लग्नाचं काम आहे!"

आक्कानं ताव ठेवला आणि चुलीकडे गेली.

आक्काची गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल. आक्का ही काकांची थोरली मुलगी. तिला सगळे आक्काच म्हणायचे, तिचे वडीलसुद्धा. लहानपणापासून काकांच्या शेजारी बसून ती शिकली. भेंडाच्या झुडपाचा हलका, पांढरा गाभा ती असा पातळ सोलायची की त्यातून पलीकडचं दिसावं. पुढे लग्न झालं, वर्षात नवरा गेला, आणि आक्का माहेरी परत आली. विधवेचा हात लागलेली मुंडावळ कोण आपल्या मुलाच्या कपाळी बांधणार? त्या दिवसापासून ज्या कामात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं, तेच काम तिला बंद झालं.

तिला दिलं होतं खळ शिजवायचं काम. त्यालाही आधी हरकत निघाली होती. पण दुसऱ्या कोणाची खळ धड होईना, गुठळ्या व्हायच्या. तेव्हा गोविंदभटजींनी निर्णय दिला की खळ विस्तवावर शिजते, अग्नीनं दोष जातो, सबब चालेल. म्हणजे गिरगावातलं एकूण एक बाशिंग आक्काच्या खळीनं चिकटलेलं होतं. ते शास्त्राला चालत होतं. चालत नव्हती ती फक्त आक्का.

एकदा मी तिला विचारलं होतं, "आक्का, कामातून सुटलीस, बरं नाही वाटत?"

"रिकामे हात फार जड होतात रे, दत्तू," ती म्हणाली.

*

मला त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "काका, पण हे लग्नच आहे कशावरून? मी विचारून येतो."

"विचार. पण नीट विचार. नवरा कोण ते विचार. नवरा कळला की बाशिंगाचं माप कळेल."

गोविंदभटजी बाहेरच्या ओट्यावर बसलेच होते. वाडीतलं प्रत्येक लग्न त्यांच्या हातचं, आणि बाशिंग बापूकडूनच घ्या असं ते यजमानांना सांगायचे. त्यामुळे आमच्या दुकानात देवाच्या खालोखाल त्यांचा शब्द. त्यांनी मान डोलावली. "बरोबर. वर असेल तर विवाह. वर नसेल तर नुसतं झाड."

मी परळला गेलो. मेमसाहेबांचा साहेब तिथल्या एका गिरणीचा मॅनेजर. गिरणीच्या मागेच बंगला. सोराबशेटचं नाव सांगितलं तेव्हा बटलरनं व्हरांड्यात उभं केलं. मेमसाहेब बाहेर आल्या. माझ्या तीन इयत्ता ऐन वेळी पळून गेल्या, तेव्हा मी सरळ हिंदुस्थानीत विचारलं, "मेमसाब, ये झाड का आदमी कौन?"

मेमसाहेबांना प्रश्न पुन्हा पुन्हा सांगावा लागला. कळला तेव्हा त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसूनच हसल्या. "नो, नो! शादी नहीं! बडा दिन का झाड! इसका कोई आदमी नहीं. अकेला झाड है."

मी परळहून गिरगावापर्यंत जवळजवळ धावत आलो. ओट्यावर भटजी, दारात काका, आत चुलीपाशी आक्का. मी ओरडलो, "नवरा नाही!"

"नीट विचारलंस?" काका म्हणाले.

"विचारलं! कोणीच नाही. एकटंच आहे झाड."

भटजींनी डोळे मिटले. आमचे सगळ्यांचे डोळे त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर. मग म्हणाले, "नवराच नाही तर सौभाग्याचा प्रश्न येतो कुठे? लावू दे हात."

काकू काहीतरी पुटपुटली. काकांनी आपल्या शेजारचा पाट सरकवला. आक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि इतक्या वर्षांनी त्या पाटावर बसली. बसताना म्हणाली, "बरं झालं. झाड माझ्याच जातीचं निघालं."

भटजी तेवढे हसले.

*

पहिली खेप काकांनी स्वतः केली. आक्कानं नुसतं कापून द्यायचं, जोडणार काका. घरचे कर्ते ते! भेंडाची फुलं, बेगडीच्या चांदण्या, पोपट, कोयऱ्या. पोपट तर असे झाले की आता बोलतील. मी ती परळला पोचवली आणि मेमसाहेबांच्या समोर सुरूच्या झाडाला टांगली. विलायतेतलं झाड इकडे मिळत नाही म्हणून इथले साहेब सुरूवर भागवतात. मेमसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात खिडकीतून वारा आला.

दोऱ्याला टांगलेली वस्तू वाऱ्यानं फिरते, हे आमच्या खानदानात कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाशिंग कपाळाला बांधतात. मखर भिंतीला टेकतं. आमची सगळी कारागिरी पुढच्या बाजूला. मागे खळीचे ओघळ, दोऱ्यांच्या गाठी आणि रद्दी कागदाच्या पट्ट्या. सगळे पोपट एकाच वेळी मेमसाहेबांकडे पाठ करून उभे राहिले!

मेमसाहेबांनी एक पोपट पुढून बघितला, मागून बघितला आणि विचारलं, "ये बाजू कल बनेगा?"

मी टोपली घेऊन परत आलो. काका भयंकर संतापले. "इतकी वर्षं बाशिंगं करतोय, आजपर्यंत एकानं तरी नवरदेव मागून बघितला का?"

आक्कानं टोपलीतली एक चांदणी उचलली. "बाबा, झाडाला पाठ नसते," ती म्हणाली. मग तिनं दोन चांदण्या पाठीला पाठ लावून धरल्या, मधे खळ लावून भेंडाची चकती घातली आणि कडेकडेनं असा बारीक टाका घालत गेली की शिवण शोधून सापडू नये. दोऱ्याला टांगून फुंकर मारली. चांदणी फिरली. पुढून बघा, मागून बघा, तीच!

काका कितीतरी वेळ फुंकर मारत बसले. शेवटी म्हणाले, "आता जोडायचं काम तूच कर. मी कापून देतो."

मग आक्काचे हात जे सुरू झाले ते थांबेनात. मेमसाहेबांना हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त चांदण्या झाल्या. मी म्हटलं, "आक्का, पुरे आता, झाड केवढंसं!" तर म्हणे, "झाड संपलं की मला परत चुलीपाशी जायचंय. माझं मला करू दे." उरलेल्या चांदण्या सोराबशेटनी आपल्या दुकानात ठेवून घेतल्या.

*

मेमसाहेबांना झाडावर बर्फही हवा होता.

आता बर्फ मुंबईला नवा नव्हता. पण त्या म्हणाल्या तो लादीचा नव्हे, आभाळातून पडतो तो. त्यांच्या देशात नाताळात झाडं पांढरी होतात म्हणे. काकांना फार वाईट वाटलं. "आभाळातून पडतो म्हणजे गारपीटच की! आमच्याकडे गारा पडल्या की आंब्याचा मोहर जातो, माणसं डोक्याला हात लावतात. आणि हे लोक त्याची आरास करतात?"

लालबागला आमच्या कोकणातला सखाराम राहायचा. तो त्याच साहेबाच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. रविवारी तो आला तेव्हा मी त्याला अडचण सांगितली, की पांढरं, हलकं, वरून पडल्यासारखं काहीतरी हवंय.

सखाराम खोकत खोकत हसला. "मेल्या, त्येच्यासाठी विलायतेक कित्याक जाऊक व्हया? आमच्या खात्यात रोज पडता! डोक्यार पडता, भाकरीर पडता, छातीतसुदीक जाता."

पण गिरणीतून कापसाचा कणसुद्धा बाहेर न्यायची बंदी. सुटताना गेटावर झडती. सखारामानं काय केलं, तर ती झाडून टाकायची कापसाची भुरी आठवडाभर अंगरख्याच्या अस्तरात भरली. शनिवारी गेटावरचा पठाण म्हणाला, "सखाराम, तबियत अच्छी हो गयी!"

झाडावर तो बर्फ पसरला तेव्हा साहेब स्वतः बघायला आला. चिमूटभर उचलून बोटांत चुरगाळला, हुंगला आणि मेमसाहेबांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला तीन इयत्तांपुरतं कळलं. साहेब म्हणत होता, "अगदी आपल्या घरचा वाटतो!"

*

झाडाच्या शेंड्यावर काय बसवायचं, यावरून दोन दिवस गेले. काकांनी न विचारताच एक झकास बाशिंग करून ठेवलं होतं. मेमसाहेबांनी ते नम्रपणे परत केलं. त्यांना हवा होता फरिश्ता. म्हणजे पंख असलेली, पांढऱ्या कपड्यातली, आकाशातून निरोप घेऊन येणारी बाई.

आक्कानं भेंडाची बाई केली. चेहरा इतका गोड की काकू कामधाम टाकून बघत बसली. काकांनी तिला नथ घातली. मी दाखवायला नेली तेव्हा मेमसाहेबांना नथ आवडली, राहू दे म्हणाल्या. मग काकांनी कुंचला कुंकवात बुडवला आणि कपाळापाशी नेऊन थांबले.

"दत्तू, हिचं लग्न झालंय का?"

मला पुन्हा परळला पिटाळण्यात आलं. परत आल्यावर मी सांगितलं, "फरिश्त्यांची लग्नं होत नाहीत."

"म्हणजे अजून व्हायचंय?"

"होणारच नाही. कधीच नाही."

"बिचारी. वय काय?"

"वय वाढत नाही त्यांचं. मरतसुद्धा नाहीत."

काकांनी कुंचला खाली ठेवला. "कुमारिका नाही, सवाष्ण नाही, विधवा नाही. मग अशा बाईला म्हणायचं तरी काय?"

आक्का पंख शिवत होती. तिनं वर बघितलं नाही. "नशीबवान म्हणा, बाबा."

कपाळ कोरंच ठेवलं.

*

नाताळच्या दिवशी मी बंगल्यावर हजर होतो. दागिने टांगणारा माणूस म्हणून मला दाराशी उभं राहायला परवानगी होती. झाड असं दिसत होतं की बोलायची सोय नाही! आक्काच्या चांदण्या फिरत होत्या, पोरं त्यांच्याखाली माना वर करून उभी होती. आक्काला हे दाखवता आलं असतं तर, असं मला सारखं वाटत होतं.

मग साहेबानं फांद्यांना चिकटवलेल्या मेणबत्त्या लावायला सुरुवात केली.

कापूस, कागद, भेंड, आणि मेणबत्ती! दिवे थेट फांद्यांवर लावतात, हे आधी मला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरं हात धरून झाडाभोवती गाणं म्हणत फिरत होती, तोच साहेबाच्या गिरणीतला बर्फ भप्पकन पेटला. मेमसाहेब किंचाळल्या. साहेब पाणी पाणी ओरडला. बटलरच्या हातात सूपचं मोठं भांडं होतं, तेच त्यानं झाडावर पालथं केलं. आग विझली. बर्फाच्या जागी वाटाण्याचं सूप आलं, एवढंच. एक फांदी जळली, पण चांदण्या शाबूत होत्या. मेमसाहेबांनी रडता रडता हसायला सुरुवात केली आणि मग सगळेच हसले.

ही गंमत मी घरी येऊन सांगितली. ती गोविंदभटजींसमोर सांगायला नको होती.

भटजी सावरून बसले. "अग्नी होता म्हणतोस?"

"होता."

"भोवती माणसं फिरत होती?"

"पोरं फिरत होती."

"मंगलाष्टकं?"

"गाणी म्हणत होती काहीतरी."

"मग अजून काय राहिलं?" भटजी म्हणाले. "बापू, हे लग्नच होतं!"

काका गडबडले. "पण भटजी, नवरा नव्हता ना?"

"अग्नी आहे म्हटल्यावर नवरा असणारच. या मुलाला दिसला नसेल."

झालं! आक्काचा पाट उचलला गेला. पुढल्या वर्षी नाताळचं काम आलं तरी तिनं हात लावायचा नाही, असं ठरलं. आक्का भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भटजी, विस्तवानं खळीचा दोष जातो, मग झाडाचा का नाही गेला?"

"चुलीतला अग्नी वेगळा, विवाहातला वेगळा," भटजी म्हणाले, आणि सुपारी मागितली.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. काकांनाही वाटलं असावं. ते नुसते बेगड कापत राहिले. भटजींना दुखवलं तर माघातली लग्नं दुसऱ्या दुकानात जाणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

*

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

माघात भटजींच्याच मुलाचं लग्न निघालं. मुलगा फोर्टात एका कचेरीत कारकून. टोपी साधी, पण बूट विलायती. बाशिंग अर्थात आमच्याकडचं. काकांनी जीव ओतून केलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भटजी स्वतः दुकानात आले. एरवी ओट्यावर बसायचे, त्या दिवशी आत आले. मागे मुलगा. भटजींच्या हातात रेशमी फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"बापू, बाशिंग छान झालंय. पण पोराची हौस बघ. हे वर लावायचंय." त्यांनी गाठ सोडली.

फडक्यात चांदण्या होत्या.

"फोर्टातल्या पारशाकडून आणल्यात," मुलगा म्हणाला. "जर्मनीचा माल."

"हात लावून बघ, बापू," भटजी म्हणाले. "पुढून बघ, मागून बघ, तीच! शिवण सापडते का? याला म्हणतात काम. आपल्या लोकांना सात जन्मात जमायचं नाही. आणि सोवळ्यात ठेवल्यात हो! पेटीतून निघाल्यापासून आमच्या घरच्या सवाष्णीखेरीज कोणाचा स्पर्श नाही." मग आवाज खाली करून, चुलीकडे मान वळवत म्हणाले, "लावशील तेव्हा ती जरा आत असू दे. शुभकार्य आहे."

मी काकांकडे बघितलं. काकू दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. आत खळ रटरटत होती. पळी ढवळायचा आवाज मात्र थांबला होता.

काकांनी एक चांदणी उचलली. उलटी केली. सुलटी केली. तिला दोरा होता, तो चिमटीत धरून हळूच फुंकर मारली. चांदणी फिरत राहिली आणि काका ती थांबेपर्यंत बघत राहिले.

"काम मोठं नाजूक आहे, भटजी," ते म्हणाले.

"आहेच मुळी!"

"मला नाही जमायचं. माझ्या हातून बिघडेल. जर्मनीचं काम जर्मनीवाल्यानंच लावलेलं बरं."

"अरे, पण लग्न उद्यावर आलंय! आता जर्मनीवाला कुठून आणतोस?"

काकांनी आपल्या शेजारचा पाट सरकवला.

"आक्के," त्यांनी आत बघून हाक मारली, "खळ खाली उतरव आणि हात धुऊन ये. भटजींच्या मुलाचं बाशिंग शिवायचंय."

आक्का आली. पाटावर बसली. तिनं फडक्यातल्या चांदण्या एकेक करून बघितल्या. त्यातली एक उचलून कडेचा टाका नखानं दाबून पाहिला, आणि भटजींकडे बघून म्हणाली,

"हिची खळ तेव्हा जरा ओली राहिली होती, भटजी. आता वाळलीय."